रात्रीची चघळायची गोळी : कोल्हापुरातील एका आठ वर्षांच्या मुलाचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या बाह्यरुग्ण विभागातले आहे. मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या ज्या औषधाबद्दल ते आहे त्याची पहिली चिठ्ठी मीच लिहिली होती, त्यामुळे लिहिताना तटस्थतेचा आव आणणार नाही. कुटुंबाच्या संमतीने लिहीत असून मुलाचे नाव बदलले आहे. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. येथे त्याला शंभू म्हणू.

पार्श्वभूमी

शंभूचे घर करवीर तालुक्यातल्या एका गावात, उसाच्या पट्ट्यात आहे. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत पाळीने काम करतात. आई घर, दोन म्हशी आणि सासू-सासरे सांभाळते. गोठा घराला लागूनच आहे आणि दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू झाली की चिपाडाचा धूर संध्याकाळी घरात येतो. वयाच्या चौथ्या वर्षापासून दर पावसाळ्यात शंभूला सर्दी होऊन छाती वाजायची. आदल्या वर्षी तीनदा वाफ द्यावी लागली होती आणि एकदा रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले होते. आजी याला बाळदमा म्हणत आणि वय वाढले की जातो असे सांगत. त्यांच्या घरातल्या दोन मुलांचा तसा गेलाही होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याला माझ्याकडे आणले तेव्हा तो तिसरीत होता. गावातल्या मराठी शाळेतून काढून त्याला दोनच आठवड्यांपूर्वी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. सकाळी सव्वासातला व्हॅन येई. ही गोष्ट केसपेपरवर मी एका ओळीत लिहिली आणि विसरले. पुढे तिने सर्वांची बरीच दिशाभूल केली.

दम्याचे स्वरूप पाहता त्याला रोजच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती आणि त्यासाठी पहिली पसंती कमी मात्रेच्या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडला असते. मी तसे सांगितलेही. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "पंप नको मॅडम. एकदा लागला की सुटत न्हाई म्हणत्यात." स्टेरॉइड हा शब्द ऐकल्यावर तर विषयच संपला. त्या दिवशी बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत होते. मी मध्यम मार्ग काढला : गरजेपुरता लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप, तो स्पेसरमधून म्हणजे तोंडाला लावायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, आणि रोज रात्री मॉन्टेलुकास्टची ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हीच मात्रा ठरलेली आहे. गोळी गोड असते, मुले आनंदाने घेतात, पालकांना धास्ती वाटत नाही. चिठ्ठीवर मी "३० गोळ्या, महिन्याने दाखवणे" असे लिहिले. कधी थांबवायची ते लिहिले नाही आणि झोपेबद्दल वा स्वभावाबद्दल एक शब्दही बोलले नाही.

माहिती नव्हती असे नाही. हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या मानसिक दुष्परिणामांची तपासणी सुरू असल्याचे जाहीर केले, २००९ मध्ये माहितीपत्रकात सावधगिरीची सूचना घालायला लावली आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वांत कडक, म्हणजे चौकटीतल्या इशाऱ्याचा आदेश दिला. अस्वस्थता, आक्रमकपणा, भयानक स्वप्ने, झोपेत चालणे-बोलणे, उदासी आणि आत्महत्येचे विचार यांचा त्या यादीत समावेश आहे. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी, दुसरे उपाय चालत असतील तर, हे औषध टाळावे असेही त्यात सांगितले आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच प्रशासनाने मोठ्या नोंदींच्या आधारे जो अभ्यास केला त्यात, श्वासावाटे स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या तुलनेत, मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल करावे लागेल असे नैराश्य किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. बहुतेक मुलांना काही होत नाही, आणि मी स्वतः वर्षानुवर्षे हे औषध निर्धास्तपणे लिहीत आले होते. या निर्धास्तपणामुळेच सांगायचे राहिले.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आई शंभूला घेऊन आली. छाती साफ होती, पावसाळा असूनही एकदाही धाप लागली नव्हती, त्यामुळे मी खूश होते. निघताना दारात थांबून आई म्हणाली, "रातीचं दात खातोय मॅडम, आन मधीच उठून वरडतोय." आमच्याकडे दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध इतका पक्का धरलेला आहे की पालक तो निदान घेऊनच येतात. मी अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. ओरडण्याबद्दल, या वयात मुले झोपेत दचकतात, नवी शाळा आहे, होईल कमी, असे सांगून मोकळी झाले. "ही रातची गोळी चालू ठेवू का?" असे तिने विचारले तेव्हा मी "पावसाळाभर चालू दे" असे उत्तर दिले.

हा पहिला निर्णयबिंदू, आणि तो माझ्याकडून सुटला. आईने तक्रार आणि औषध या दोन्ही गोष्टी अर्ध्या मिनिटाच्या अंतराने माझ्यासमोर ठेवल्या होत्या. मला दोन्ही ऐकू आल्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध मी लावला नाही.

त्यानंतर मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून, पुढेपुढे नुसते रिकामे पाकीट दाखवून, गोळ्या येत राहिल्या. सप्टेंबरमध्ये गणपतीत छाती भरली तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी तीन दिवस प्रेड्निसोलोन, म्हणजे तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉइड, दिले. ऑक्टोबरमध्ये शाळेतून निरोप आला की मुलगा वर्गात बसत नाही, वस्तू फेकतो आणि त्याने शेजारच्या मुलाचा दंड दाताने फोडला आहे. त्याआधी हा मुलगा कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. आजींनी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, एका देवऋष्याकडेही नेऊन आणले. शाळेच्या समुपदेशकांनी लक्ष न लागणे आणि अतिचंचलता यांची तपासणी करून घ्या असे पत्र दिले.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आई, वडील आणि आजी तिघेही आले. वडिलांनी पाळी बुडवली होती. शंभूला बाहेर मावशींजवळ बसवून आई हळू आवाजात म्हणाली, "परवा म्हणला, मी मरून गेलो तर बरं हुईल. आठ वर्साचं पोरगं आसं बोलतंय व्हय?" आजी लगेच म्हणाल्या, "ह्यो आदी आसा नव्हता वं. कुणाची तरी नजर लागलीया."

"ह्यो आदी आसा नव्हता" हे वाक्य मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतले, कारण त्यात सुरुवातीचा प्रश्न दडलेला होता : आधी म्हणजे नेमके कधीपर्यंत?

काळाची जुळवाजुळव

आमच्या भागात तारखा विचारल्या तर उत्तर मिळत नाही. सण विचारले तर मिळते. आईला पहिली रात्र लख्ख आठवत होती. बेंदराच्या आदल्या रात्री, बैलांची शिंगे रंगवून सगळे उशिरा झोपले होते, आणि पहाटे तीनच्या सुमारास शंभू उठून बसला आणि वैरणीच्या गंजीमागे कुणीतरी उभे आहे असे ओरडू लागला. मेडिकलचे पहिले बिल तिने औषधाच्या पिशवीत जपून ठेवले होते. बिलाची तारीख आणि बेंदूर यांच्यामध्ये अकरा दिवस होते.

त्याहून उपयोगी निघाली ती दुधाची वही. दूध संस्थेला सकाळ-संध्याकाळ किती लिटर घातले ते आई रोज लिहिते. ज्या रात्री पोराने जागवले त्याच्या सकाळी धार काढायला उशीर व्हायचा, संस्थेची गाडी चुकायची आणि त्या रकान्यात रेघ पडायची. जूनमध्ये अशी एकही रेघ नव्हती. जुलैच्या उत्तरार्धात चार होत्या. ऑक्टोबरात मी मोजायचे थांबवले. दवाखान्यात आजवर पाहिलेली ही सर्वांत प्रामाणिक झोपेची नोंद, आणि ती कुणीही झोपेसाठी ठेवलेली नव्हती.

तरीही एवढ्यावर बोट ठेवता येत नव्हते, कारण शाळा बदलली तीही त्याच पंधरवड्यात. नव्या भाषेत शिकणे, पहाटे उठणे, गावातले सवंगडी सुटणे, यातले एकेक कारण मुलाची झोप उडवायला पुरेसे आहे. सप्टेंबरातल्या प्रेड्निसोलोननेही मुलांमध्ये चिडचिड आणि निद्रानाश होतो, पण ते तीन दिवसांचे होते आणि त्रास त्याच्या दोन महिने आधीपासून होता. लेव्होसाल्ब्युटामॉलने हात थरथरतात, मूल उधळल्यासारखे करते. पंप मात्र सगळा मिळून पाच-सहा वेळाच वापरला होता.

रात्रीचे स्वरूप नीट विचारले. लहान मुलांची झोपेतली दचक बहुधा झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत येते, मूल घामाघूम होऊन ओरडते, ओळख देत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. शंभूचे बहुतेक प्रसंग पहाटेकडचे होते. तो पूर्ण जागा व्हायचा, आईला बिलगायचा आणि स्वप्न तपशिलाने सांगायचा. म्हणजे ही खरी दुःस्वप्ने होती. वडिलांच्या मोबाइलवर दोन चित्रफिती होत्या. झोपेतल्या आकडीत दिसते तशी दर वेळी त्याच त्या हालचालींची पुनरावृत्ती त्यांत नव्हती, अंग ताठ होणे नव्हते, त्यामुळे मेंदूचा आलेख तातडीने काढण्याची गरज मला वाटली नाही. घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे होते, पण किरकोळ आणि जुने.

मग शंभूशी एकट्याशी बोलले. मरणाबद्दल मुलाला थेट विचारू नये, विचारले की विचार डोक्यात भरतो, असा समज डॉक्टरांमध्येही आहे आणि तो चुकीचा आहे. मी विचारले, "बाळा, तू आईला म्हणालास ते मलाही सांगशील?" तो टेबलाच्या कडेचा सनमायका नखाने उचकटत बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला उगंच राग येतोय. मग रडू येतंय." कसे मरायचे याचा काही बेत आहे का, हेही त्याला समजेल अशा शब्दांत विचारले. बेत नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शाळेने सुचवलेला : अतिचंचलतेची तपासणी आणि गरज पडल्यास त्यावर औषध. हा मी मागे ठेवला. त्या विकाराची लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागतात हे खरे, पण ती चार महिन्यांत अचानक उगवत नाहीत. पहिली-दुसरीच्या शिक्षिकांची याच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. शिवाय एका औषधाचा परिणाम असेल अशी शंका असताना त्यावर दुसरे औषध चढवणे म्हणजे मूळ प्रश्न झाकून टाकणे.

दुसरा पर्याय वडिलांचा : "सगळीच औषधं बंद करूया, गोळीनं आसं हुत असंल तर." त्यांचा राग मला समजत होता, पण गुऱ्हाळे नुकतीच पेटली होती आणि या मुलाला आदल्या वर्षी एकदा दाखल करावे लागले होते. गरजेचा पंपही काढून घेतला असता तर एका त्रासातून सुटून दुसऱ्यात पडलो असतो.

तिसरा पर्याय मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून त्यांच्या सल्ल्यापर्यंत गोळी चालू ठेवण्याचा होता. तज्ज्ञांची गरज होती, गोळी चालू ठेवण्याची नव्हती.

चौथा पर्याय फक्त मॉन्टेलुकास्ट थांबवून पाहण्याचा. हे औषध हळूहळू कमी करावे लागत नाही. शरीरातला त्याचा अर्धा अंश तीन ते साडेपाच तासांच्या आसपास निघून जातो आणि एक-दोन दिवसांत ते जवळपास संपते. थांबवण्यात धोका होता तो दम्याचा, मनाचा नव्हे.

येथे एक पेच होता आणि त्यावर मी बराच विचार केला. गोळी थांबवतानाच बुडेसोनाइडचा, म्हणजे श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा, पंप सुरू करायचा, की आधी गोळी थांबवून दोन आठवडे पाहायचे आणि मग पंप? एकाच दिवशी दोन्ही केले असते तर सुधारणा कशामुळे झाली याबद्दल मनात किंतु राहिला असता, आणि मूल बिघडले असते तर खापर पंपावर फुटून तो कायमचा बाद झाला असता. मी दुसरा मार्ग निवडला.

केलेली कार्यवाही

मॉन्टेलुकास्ट त्याच रात्रीपासून बंद केले. हे माझ्या चिठ्ठीचे औषध आहे, याचा असा परिणाम काही मुलांत होतो आणि ते मी आधी सांगायला हवे होते, असे तिघांसमोर सांगितले. वडील काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "आमाला वाटलं, पोरगंच वाया चाललंय." आई रडली. आजींनी मात्र दृष्टीचा मुद्दा सोडला नाही आणि मीही त्यावर वाद घातला नाही.

त्यानंतर घरातल्या वस्तूंबद्दल विचारले. शेतकऱ्याच्या घरी तणनाशक आणि कीटकनाशक असतेच. त्यांच्याकडे ते गोठ्याच्या माळ्यावर, शंभूचा हात पोचेल अशा ठिकाणी होते. आठ वर्षांच्या मुलाच्या बोलण्यामागे बेत नसला तरी रागाच्या भरात हात कुठे जाईल ते सांगता येत नाही. वडिलांनी त्याच संध्याकाळी बाटल्या कुलपात ठेवल्या आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. रात्री-अपरात्री गरज पडल्यास केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. बालमानसोपचाराचा अनुभव असलेल्या सहकाऱ्यांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. त्यांनी शंभूला तपासून औषध न देण्याचे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहण्याचे ठरवले.

शाळेला पत्र दिले. मुलाच्या वागण्यामागे वैद्यकीय कारणाची शक्यता तपासत आहोत, महिनाभर शिक्षा वा वर्गाबाहेर उभे करणे टाळावे, एवढेच त्यात होते. औषधाचे नाव घातले नाही. ते शाळेने जाणून घेण्याची गरज नव्हती.

दम्याच्या बाबतीत माझा अंदाज फसला. नवव्या दिवशी रात्री खोकला सुरू झाला, दहाव्या दिवशी छाती वाजू लागली आणि गरजेचा पंप दर चार तासांनी द्यावा लागला. दोन आठवडे थांबण्याचा बेत तिथेच संपला आणि बुडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून सुरू केले. या वेळी मी वडिलांना अर्धा तास दिला. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तर तोंडावाटे दिलेल्या प्रेड्निसोलोनची मिलिग्रॅममध्ये. प्रत्येक वेळी चूळ भरायची. तोटाही सांगितला : रोज ४०० मायक्रोग्रॅम याप्रमाणे काही वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरल्याचे आढळले आहे, आपली मात्रा त्याच्या निम्मी आहे आणि दर तीन महिन्यांनी उंची मोजू. तोटा आधी सांगितल्यावर त्यांनी होकार दिला. जूनमध्ये मी नुसते फायदे सांगितले होते आणि तेव्हा नकार मिळाला होता.

निष्पत्ती

गोळी थांबवल्यावर पहिल्या चार रात्री फरक नव्हता. पाचव्या रात्री तो सलग झोपला. दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या वहीत एकच रेघ होती. चिडचिड सावकाश गेली. तिला महिना लागला. मरणाबद्दलचे बोलणे तिसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा ऐकू आले नाही. झोप सुधारली ती बुडेसोनाइड सुरू होण्याच्या आधी, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. इंग्रजी वाचन येत नव्हते ते येतच नव्हते. ज्या मुलाला चावला होता त्याच्या पालकांनी बाक बदलून घेतला आणि तो पुढे बदललेलाच राहिला. शाळेचा ताण खरा होता आणि औषध थांबल्यावरही तो उरला.

जानेवारीत, गोळी थांबून दोन महिने झाले असताना, शंभूला सर्दी-ताप आला. जवळच्या मेडिकलमधून एक सिरप आणले गेले. तिसऱ्या पहाटे तो ओरडत उठला, पुन्हा तीच वैरणीची गंजी. आईने कुणालाही न विचारता सिरप थांबवले आणि सकाळी बाटलीच घेऊन दवाखान्यात आली : "मॅडम, ह्यातबी तीच गोळी हाय काय बघा." बाटलीवरचे मोठ्या अक्षरांतले नाव वेगळे होते. खाली बारीक अक्षरांत, दर पाच मिलिलिटरमध्ये लेव्होसेटिरिझिन २.५ मिलिग्रॅम आणि मॉन्टेलुकास्ट ४ मिलिग्रॅम. बाटलीवरचे सगळे इंग्रजीत होते. तिला ते वाचता आले नव्हते. तिने मुलावरून ओळखले.

औषध मुद्दाम पुन्हा देऊन खात्री करून घेणे अशा दुष्परिणामात योग्य नाही आणि ते मी कधीच केले नसते. येथे ते अजाणता घडले. दोन रात्रींनी झोप पूर्ववत झाली. त्या वेळी १०१ अंश ताप होता आणि तापातही मुले बरळतात, हे विसरून चालणार नाही. स्वप्न तेच होते या गोष्टीला मी किती वजन द्यावे हे मला ठरवता आलेले नाही.

दुष्परिणाम आणि औषध यांचा संबंध किती पक्का आहे हे मोजण्यासाठी १९८१ पासून नारांजो मापन वापरतात. दहा प्रश्न असतात आणि उत्तरांना गुण. औषधाबद्दल आधीच्या नोंदी आहेत, त्रास औषधानंतर सुरू झाला, थांबवल्यावर कमी झाला, पण दुसरी कारणेही संभवतात, असे धरून नोव्हेंबरात ३ गुण झाले होते, म्हणजे "शक्य". जानेवारीनंतर पुन्हा उद्भवल्याचे २ गुण मिळून ते ५ झाले, म्हणजे "संभाव्य" या पायरीची खालची कड. निश्चित म्हणायला ९ लागतात.

याची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे केली. हा कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. मात्र ही नोंद जानेवारीनंतर केली. नोव्हेंबरात नुसती शंका होती तेव्हाच करता आली असती, कारण खात्री असण्याची अट त्यात नाही. रुग्ण आणि पालकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर अशी नोंद करू शकतात आणि त्यांच्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे. मी हे आईला सांगितले तेव्हा तिने विचारले की त्याने काय होते. एका नोंदीने काही होत नाही, अशा अनेक नोंदी जमल्यावरच इशारा निघतो, असे मी सांगितले. "मग लिवा," ती म्हणाली.

मागे वळून पाहताना

ऑगस्टमध्ये मी जंताची गोळी देण्याऐवजी एक प्रश्न विचारायला हवा होता : हे सुरू झाले तेव्हा कोणते औषध चालू होते? मानसिक लक्षण दिसले की आम्ही घर, शाळा, मोबाइल, परीक्षा सगळे विचारतो. सर्दीच्या, दम्याच्या, आकडीच्या औषधांकडे नजर वळत नाही, कारण ती मनाची औषधे नाहीत. आकडीसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरॅसेटामनेही मुले कमालीची चिडखोर होतात, आणि तिथेही दोष मुलाच्या वळणाला दिला जातो.

जूनमध्ये चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख लिहिली असती तर मेडिकलमध्ये पाकीट दाखवून पाच महिने गोळ्या मिळाल्या नसत्या, निदान आईला प्रश्न तरी पडला असता. आता मी तारीख लिहिते, आणि औषध सुरू करण्यापूर्वी मूल कसे झोपते ते विचारून टिपून ठेवते, म्हणजे पुढे तुलना करायला काही राहते. इशारा सांगितल्याने पालक घाबरतात ही सहकाऱ्यांची तक्रार रास्त आहे. काहीजण खरोखरच घाबरून नको म्हणतात. मी सध्या असे सांगते : "या गोळीने काही मुलांची झोप आणि स्वभाव बिघडतो. तसे दिसले तर गोळी थांबवा आणि मला फोन करा, पंप थांबवू नका." यात एक मिनिट जाते.

आधी गोळी थांबवायची आणि पंप नंतर सुरू करायचा हा माझा क्रम मी आज पुन्हा निवडणार नाही. कारण शोधण्याची गरज माझी होती. दहाव्या दिवशी धाप मात्र शंभूला लागली. दोन्ही एकाच दिवशी करून थोडा संभ्रम पत्करायला हवा होता. मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्यांचे मत याच्या उलट आहे. त्यांच्या मते ती दहा दिवसांची फट नसती तर वडिलांनी पंपालाच दोष दिला असता आणि दम्याचा उपचार कायमचा बसला असता. आमचे यावर एकमत झालेले नाही.

जानेवारीतली चूक टाळण्यासाठी नोव्हेंबरातच औषधाचे नाव लेखी द्यायला हवे होते. मी तोंडी सांगितले होते. "मॉन्टेलुकास्ट" हा शब्द एकदा ऐकून कुणाच्या लक्षात राहणार? सिरपच्या प्रकरणानंतर एका जाड कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत नाव लिहून, "कोणत्याही मिश्रणात देऊ नये" अशी सूचना घालून, सही-शिक्का मारून दिला. आईने तो दुधाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आहे. मेडिकलमध्ये जाताना ती वही नेते.

या जूनमध्ये शंभू चौथीत गेला. उंची वर्षभरात पाच सेंटीमीटरने वाढली आहे, पंप चालू आहे, आणि बेंदराला बैलांची शिंगे रंगवायला त्याला मिळणार का एवढीच त्याची चौकशी होती. वडील दर वेळी विचारतात तसे याही वेळी विचारून गेले की पंप कधी सुटणार. पावसाळा संपल्यावर पाहू असे ठरले असून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख चिठ्ठीवर घातली आहे.